केमच्या ज्वारीची निळी रेघ

कुंडलिकला जे दिसायचं ते गुरुबसप्पा सरांना दिसायचं नाही, आणि सरांना जे दिसत नाही ते विद्यापीठाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

साल चौऱ्याहत्तर. सोलापुरातल्या एका कॉलेजात कुंडलिक रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. म्हणजे दिवसभर पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायची. गाव केम, करमाळा तालुक्यातलं. गावाला रेल्वे स्टेशन आहे याचा केमकरांना जो अभिमान असतो तो कुंडलिकमध्ये पुरेपूर उतरला होता, आणि नेमकी त्याची सासुरवाडी पडली मोहोळची. सासरे रामहरी दर दिवाळीला भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, “ज्वारी खावी तर मोहोळची. केमची काय, कोंबड्यांला ठीक हाय.” एवढ्यावरून दुसरा कुणी भांडला असता, ताट सोडून उठला असता. कुंडलिकनं पीएचडीला नाव घातलं.

त्याचं म्हणणं असं, की केमच्या ज्वारीत एक प्रथिन आहे, जे मोहोळच्या ज्वारीत औषधालासुद्धा नाही. ते सिद्ध करायची रीत नवी असली तरी समजायला सोपी होती. दोन काचांच्या मध्ये रसायन ओतून खरवसासारखी थरथरणारी पारदर्शक वडी जमवायची. शास्त्रात तिला जेल म्हणतात. तिच्या वरच्या काठाला खाचा असतात. त्या खाचांत ज्वारीच्या पिठाचा अर्क थेंबथेंब सोडायचा आणि वीज लावायची. विजेच्या ओढीनं प्रथिनं खाली पळत सुटतात, हलकी पुढं, जड मागं, आणि वीज बंद केली की जिथल्या तिथं थांबतात. घोडं पेंड खातं ते इथं. प्रथिनांना स्वतःचा रंग नसतो. सगळी शर्यत होऊन जाते आणि वडी पाहावी तर कोरी. म्हणून ती रंगात बुडवायची आणि मग धुवायची. प्रथिन असेल तिथं रंग धरतो, बाकीचा निघून जातो, आणि रेघा दिसतात.

कॉलेजात होता तो रंग काळा. ठळक रेघा त्यानं दिसायच्या. पण कुंडलिकची रेघ बारीक होती. केमच्या खाचेखाली, तळापासून तिसरी. वडी खिडकीशी तिरकी धरून, डोळे बारीक करून, श्वास रोखून पाहिलं की ती त्याला दिसायचीच. गुरुबसप्पा सर त्याचे मार्गदर्शक. त्यांनी ती वडी तीनदा पाहिली होती. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा चष्मा काढून, आणि तिसऱ्यांदा शिपाई जोतीरामला हाक मारून, “तुला काही दिसतं का बघ रे.” जोतीरामनं बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, “मला माजंच त्वांड दिसतंय, साहेब.”

“कुंडलिक,” सर म्हणाले, “ही रेघ वडीत नाही, तुझ्या मनात आहे. शनिवारी अकराला शेवटचं बघतो. दिसली तर विषयाच्या अर्जावर सही करतो. नाही दिसली तर विहिरी.”

विहिरी म्हणजे काय, ते कुंडलिकला चांगलं ठाऊक होतं. ‘विहिरींच्या पाण्याचा जडपणा’ हा सरांचा लाडका विषय होता. अकरा विद्यार्थी त्यावर डॉक्टर झाले होते आणि पाणी होतं तितकंच जड राहिलं होतं. बारावा होण्यापेक्षा त्यातल्याच एखाद्या विहिरीत उतरावं आणि वर येऊ नये, असं त्याला वाटलं.

लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकात त्याला वाट सापडली. तिकडं लोकांनी काळा रंग कधीच सोडला होता आणि एक निळा धरला होता. काळ्याला जे दिसत नाही ते हा निळा दाखवतो, असं त्यात लिहिलं होतं, आणि तो मूळचा लोकर रंगवायचा रंग आहे, असंही खाली बारीक अक्षरात होतं. मुंबईच्या व्यापाऱ्याला विचारावं तर त्याचं उत्तर ठरलेलं, सहा महिने, तेही बोट वेळेवर लागली तर. इथं हातात बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार. मग कुंडलिकनं कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या गावाची गटारंसुद्धा आज लाल तर उद्या हिरवी वाहतात, त्या गावात बसून तो रंगासाठी मुंबईला पत्र लिहायला निघाला होता.

पण तीन रंगारी झाले आणि तिघांनी हात झटकले. सोलापूर म्हणजे चादरी, चादरी म्हणजे सूत. लोकर इथं कोण रंगवतो? शेवटचा म्हणाला, “मैनुद्दीनकडं जावा. पक्क्या रंगात त्याचा हात धरणारा कुनी न्हाय.” हे सांगताना तो तोंडावर हात धरून हसला. का हसला, ते विचारायला कुंडलिकला सवड नव्हती.

मैनुद्दीनचा कारखाना म्हणजे पत्र्याखाली दोन हौद, एक चूल आणि अंगणभर दोऱ्या. चैत्रातल्या सोलापुरात दुपारी दोनला पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन होतं, आणि मैनुद्दीन मात्र गळ्यापासून नाकापर्यंत मफलर गुंडाळून, दोन्ही हात टॉवेलात खुपसून बसला होता. अंगात धुवट पांढरी बनियन. तापबिप असेल, असं कुंडलिकला वाटलं. त्यानं कोरी वडी घालून आणलेला जेवणाचा डबा उघडून पुढं केला.

“खरवस?” मैनुद्दीननं विचारलं.

“न्हाय चाचा, जेल म्हणतात ह्याला. ह्याच्यात ज्वारीची प्रथिनं हायती. रंग दिला की दिसतील.”

“खायाचं न्हाय?”

“न्हाय. नुसतं बघायचं.”

मैनुद्दीननं मान हलवली. कॉलेजातली माणसं अशीच, हे त्याला ठाऊक असावं. कुंडलिक पुढं काही सांगणार, एवढ्यात त्यानं टॉवेलासकट हात काढून डबा उचलला आणि वडी सरळ चुलीवरच्या उकळत्या लाल रंगात टाकली. वरून मूठभर धुण्याचा सोडा.

“चाचा, उकळायचं न्हाय!”

“मास्तर, तुमी पोरांला शिकवा. रंगाला उकळी नसली की तो पावन्यासारखा. जरा येळ बसतो आन उटून जातो.”

रंगाऱ्याची ही रीत बापजाद्यांपासूनची आणि सुतासाठी ती बावनकशी. पण वडी काही सूत नव्हती. सोड्याचं गरम पाणी लागल्याबरोबर ती फुगायला लागली. तळहाताएवढी होती ती बशीएवढी झाली, बशीएवढीची ताटाएवढी झाली, आणि पातेल्याच्या काठावरून डोकावायला लागली. मैनुद्दीननं दोन काठ्यांनी ती बाहेर काढली, पाण्यातून खळबळली आणि शिस्तीत दोन चादरींच्या मध्ये दोरीवर वाळत घातली. लाल पाणी सगळं जमिनीवर उतरलं. दोरीवर उरली ती ओली, पांढुरकी, उशीसारखी फुगलेली एक वस्तू, आणि तिच्यात रेघ तर सोडाच, ठिपकासुद्धा नव्हता. वारा आला की ती थुलथुल हलायची. कुंडलिकला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

पण मैनुद्दीनचंच तोंड जास्त उतरलं. “पुन्यांदा सोडला,” तो पुटपुटला, “पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा रंगानं सोडला मला.” असं म्हणत त्यानं सवयीनं दाढी कुरवाळायला मफलर खाली ओढला.

दाढी निळी होती. अशीतशी निळी नव्हे, दौतीतून काढल्यासारखी निळी. टॉवेल गळून पडला तेव्हा हातही निळे निघाले, नखांच्या मुळापर्यंत.

आतून चहा घेऊन आलेल्या बिबीजानला हसू आवरेना. नवऱ्याची ही दाढी पाहून ती पंधरा दिवस हसत होती, तरी तिचं हसणं संपलेलं नव्हतं. तिनंच सगळं सांगितलं. एका बंद पडलेल्या दुकानातून मैनुद्दीननं तीन डबे आणले. वरचे कागद वाळवीनं खाल्लेले, आत काय ते कुणाला माहीत नाही. रंग मात्र असे झळाळते, की भुलला. एक जांभळा, एक हिरवा, एक निळा. निळ्यात चाळीस चादरी बुडवल्या.

“चाळीसच्या चाळीस पांढऱ्या वर आल्या, मास्तर. सगळा रंग पान्यात. आन ह्यास्नी बगा!” ती पदरात तोंड लपवून पुन्हा हसली. “दोन जुम्मे झाले, मशिदीत सगळ्यांच्या मागं जाऊन बसत्यात.”

“हस,” मैनुद्दीन म्हणाला, “नव्या पेठेपातूर हसतंय सगळं गाव, तू कायकू मागं राहती?” चाळीस वर्षं ज्याच्या नावावर लोक डोळे झाकून चादर विकत घेत होते, त्याला त्या डब्यानं पंधरा दिवसांत गावाचं हसं करून ठेवलं होतं.

कुंडलिकचं मात्र लक्ष भलतीकडंच लागलं होतं. तो एकदा दाढीकडं बघायचा, एकदा बनियनकडं.

“चाचा, रंग दिला तवा हीच बनियन होती?”

“हीच की. निळीशार झाली हुती.”

“मग पांढरी कशी?”

“एकदा धुतली, झाली पांढरी.”

“आन दाढी धुतली न्हाय?”

मैनुद्दीनला हे लागलं. “मास्तर, दिवसातून पाच येळा वजू करतो मी, हात-त्वांड-दाढी सगळं धुतो. पंधरा दिवस. पाच येळा!”

कुंडलिक ताडकन उठला, चहा सांडला, त्यात पाय भाजला, तरी त्याचं भान नव्हतं. बनियन सुताची. दाढी केसांची. आणि केस, कातडी, नखं, सगळं प्रथिन! जो रंग सुताला विचारत नाही आणि प्रथिनाला पाच-पाच वेळा धुऊन सोडत नाही, तोच तर लोकरीचा रंग, तोच तर हवा होता. त्यानं मैनुद्दीनची दाढी दोन्ही हातांत धरली आणि आनंदानं हलवली. बिबीजाननं चहाची किटली काठीसारखी उगारली, तेव्हा कुठं त्यानं ती सोडली आणि नीट समजावून सांगितलं.

आता तिन्ही डब्यांतला सगळ्यात चिवट कुठला, ते ठरवायचं होतं. मासिकात यासाठी दोन पानं तक्ते दिले होते. बिबीजाननं बोटांवर मोजून सांगून टाकलं. “जांभळा पयला, नुसता बोटांनी चोळून बगितला. कोड्यात पडलं की दाढी वडायची खोड हाय ह्यांची, म्हणून लागला. तो चार दिवसांत गेला. हिरवा आठवडाभर हुता. ह्यो निळा हलायला तयार न्हाय. आन ती बगा शेळी. हौदाचं दहावं पानी टाकलं हुतं, नुसतं नावाला निळं. त्यात तिनं त्वांड घातलं.”

खुंट्याला शेळी रवंथ करत उभी होती. तिची दाढी आभाळासारखी निळी होती. दहाव्या पाण्यातूनही जो रंग शेळीला हुडकून काढतो, त्याच्यापुढं बारीक रेघेची काय कथा! निळा ठरला.

आणि मैनुद्दीन नको म्हणाला.

“कच्चा रंग माझ्या घरातनं भाईर जानार न्हाय. आता गाव हसतंय, मग कॉलेजबी हसंल.”

“चाचा,” कुंडलिक म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला, “रंग कच्चा न्हाय. ह्याच्याएवढा पक्का रंग मी तरी बघितला न्हाय. चुकीच्या मालाशी त्याची गाठ पडली, एवढंच.”

पंधरा दिवसांत मैनुद्दीनशी कुणी असं बोललं नव्हतं. मग त्यानं मफलर काढून खुंटीला टांगला. “मी येतो. रंग मी देनार.”

“उकळायचं न्हाय.”

“बरं.”

“सोडा टाकायचा न्हाय.”

“आता बायकोसारकं बोलू नगा, मास्तर.”

शुक्रवारी सकाळी निळी दाढी कॉलेजच्या दारातून आत शिरली तेव्हा जोतीराम स्टुलावरून उठून उभा राहिला. प्राचार्यांसाठीही तो कधी उठत नसे. नवी वडी तयार होती. दोन खाचा, एक केमची, एक मोहोळची. पण शनिवारच्या धास्तीनं कुंडलिकचा थेंब खाचेत पडायचा सोडून टेबलावर पडत होता. मैनुद्दीननं त्याच्या हातून काचेची बारीक नळी काढून घेतली.

“किती?”

“दहा-दहा थेंब.”

मैनुद्दीननं दहा सोडले आणि शेजारी दहा सोडले. आयुष्यभर रंग मापून टाकलेला तो हात, त्यातून सगळे थेंब एका मापाचे निघाले. कुठली खाच केमची आणि कुठली मोहोळची, हे त्यानं विचारलंही नाही. वीज लागली, दुपारी वडी निघाली, आणि स्पिरिट आणि ॲसिटिक ॲसिडात कालवलेल्या निळ्या रंगात ती थंडगार पाण्यात बुडवावी तशी हलक्या हातानं बुडवली गेली. तासाभरानं ती काठोकाठ निळी झाली. मैनुद्दीननं समाधानानं तिच्यावर अंगठा टेकवून पाहिला. रंग असा बसला होता की बघत राहावं.

“झकास,” कुंडलिक म्हणाला, “आता हा धुऊन काढायचा.”

“काय धुऊन?”

“रंग.”

मैनुद्दीननं वडीचं भांडं छातीशी धरलं. चढलेला रंग आपल्या हातानं उतरवायचा, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. रेघेपुरता राहणार आणि बाकीचा जाणार, हे पटवायला चहाचे दोन कप लागले. मग आंबट पाण्यात धुणं सुरू झालं. पाणी बदललं, पुन्हा बदललं. चार वाजले, पाच वाजले, वडी निळीच्या निळी. रेघा असतीलच तर आत कुठंतरी बुडाल्या होत्या. कुंडलिकच्या डोळ्यांसमोर विहिरी यायला लागल्या.

शेवटी मैनुद्दीनलाच त्याची कीव आली. “मास्तर, रंगाला भाईर काढायचंच असंल, तर त्याला भाईर घर दावा. त्यो लोकरीवर भाळतो म्हनता ना?” आणि त्यानं स्टुलावर अंथरलेल्या जोतीरामच्या पांढऱ्या घोंगडीकडं बोट दाखवलं.

“साहेब, माजी घोंगडी! सासऱ्यानं दिलीय!” जोतीराम ओरडला. पण कात्री चालून गेली होती. घोंगडीचा वीतभर तुकडा वडीच्या कडेनं पाण्यात सोडला, भांडं झाकलं आणि सगळे आपापल्या घरी गेले.

शनिवारी कॉलेज उघडल्याबरोबर कुंडलिकनं झाकण काढलं. घोंगडीचा तुकडा मोरपंखी झाला होता. वडी पाण्यासारखी नितळ झाली होती, आणि तिच्यात रेघाच रेघा होत्या, निळ्या, रेखीव. केमच्या खाचेखाली, तळापासून तिसरी. श्वास रोखायची गरज नाही, खिडकी नको, तिरकं धरणं नको. तो तिथंच खाली बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

अकराला गुरुबसप्पा सर आले. त्यांनी आधी मैनुद्दीनकडं पाहिलं, मग न विचारणंच बरं असं ठरवून वडीवर वाकले.

“दिसतेय,” सर म्हणाले. चष्मा वर केला. “अय्यो, चष्म्याशिवायही दिसतेय की! आणि हे काय?” वडीच्या कोपऱ्यात एक अंगठा उमटला होता, वळणासकट, एकेक रेघ वेगळी. “हे कुठल्या गावचं?”

“ते चाचांचं, सर. अंगठ्याच्या घामातलं प्रथिनही धरलंय त्यानं.”

सर खूष झाले. अंगठ्याचा घाम ज्याच्यातून सुटत नाही त्या रंगावर अविश्वास कसा दाखवायचा? त्यांनी खिशातून अर्ज काढला, टेबलावर पसरला आणि पेनचं टोपण उघडलं. ‘केमच्या ज्वारीतील एक अज्ञात प्रथिन.’

आणि त्याच वेळी कुंडलिकची नजर, आतापर्यंत केमवरून हललीच नव्हती ती, शेजारच्या खाचेखाली गेली.

तळापासून तिसरी. निळी. मोहोळची. जाडीला केमच्या रेघेहून केसभरही कमी नाही.

सरांनी ते पाहिलं नव्हतं. त्यांचं नाक केमच्या रेघेवर होतं आणि पेन कागदाला टेकत होतं. मैनुद्दीनला रेघांतलं काही कळत नव्हतं. जोतीराम फाटकी घोंगडी मांडीवर घेऊन रुसून बसला होता. एक सेकंद तोंड मिटून राहायचं, की झालं. कुंडलिकनं तोंड मिटलंही. मग त्याला वाटलं, सरांना रेघ दिसत नव्हती तेव्हा आपण तीनदा म्हणालो, सर, नीट बघा. आता आपल्यालाच ती नको झाली, तर बघू नका म्हणायचं?

“सर,” तो म्हणाला, “थांबा. मोहोळलाही आहे.”

सर वाकले. या खाचेकडून त्या खाचेकडं, पुन्हा इकडं.

“तितकीच आहे.”

“हो सर.”

“मग इतके दिवस तुला ती केमलाच कशी दिसत होती?”

कुंडलिकला आपला हात आठवला. मोहोळच्या खाचेत थेंब पडायचे ते मोजकेच, आणि केमच्या खाचेशी आला की आणखी एक, बरं हा शेवटचा, असू दे, अजून एक. त्याच्या हाताला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याच्या मनालाही त्याचा पत्ता नव्हता. त्याचे कान लाल झाले.

“सर,” तो खाली मान घालून म्हणाला, “पंगतीत वाढपी मी होतो.”

सर इतके हसले, की चष्मा आंबट पाण्यात पडला. डोळे पुसत त्यांनी अर्ज पुढं ओढला, विषयातला ‘केमच्या’ एवढा एकच शब्द खोडला, आणि खाली सही केली.

“विषय तुझा,” ते म्हणाले आणि पेननं निळ्या दाढीकडं दाखवलं, “पण इथून पुढं वाढायला हे असतील.”